कार्ड नसलेली बाळंतीण : ग्रामीण रुग्णालयातील एका रात्रपाळीचा प्रकरण अभ्यास

आईकडून बाळाला होणारा एचआयव्हीचा संसर्ग रोखण्याविषयी परिचर्या महाविद्यालयांत जे शिकवले जाते, त्यात औषधांची नावे, मात्रा आणि चाचण्यांच्या तारखा असतात, आणि त्या असायलाच हव्यात. परंतु ती औषधे वेळेवर पोटात जातात की नाही, हे बहुधा रात्री ठरते. समुपदेशक घरी गेलेला असतो, एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्राला म्हणजे आयसीटीसीला कुलूप असते आणि प्रसूतिगृहात एकच अनुभवी परिचारिका असते. पुढील प्रकरण अशाच एका रात्रीचे आहे. ते कोणा एका स्त्रीचे नाही. सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात वारंवार समोर येणाऱ्या परिस्थितींचे धागे एकत्र करून ते परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी रचले आहे, त्यामुळे त्यातून कोणी व्यक्ती किंवा रुग्णालय शोधू जाऊ नये. उपचारांचा क्रम मात्र राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नाकोच्या, २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांना धरून आहे.

रुग्णा

जानेवारीचा दुसरा आठवडा होता. रात्री साडेबाराच्या सुमारास १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतून २४ वर्षांची एक स्त्री कळा सुरू असताना दाखल झाली. ती मूळची बीड जिल्ह्यातली असून नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ म्हणून ऊसतोडीला आली होती. मुकादमाकडून उचल घेतलेली असल्याने नववा महिना लागला तरी ती फडात जात होती, आणि आदल्या दिवशीपर्यंत तिने मोळ्या वाहिल्या होत्या. हे तिचे दुसरे बाळंतपण होते. सोबत फक्त सासू होती; नवरा भरलेली गाडी घेऊन कारखान्याच्या काट्यावर रांगेत होता. माता-बाल संरक्षण कार्ड कोपीतल्या, म्हणजे तळावरच्या झोपडीतल्या, पत्र्याच्या पेटीत राहिले होते, आणि गडबडीत ते आणण्याचे कोणालाही सुचले नव्हते.

ऊसतोड कामगारांच्या बाबतीत हे कार्ड नसणे अपघाताने घडत नाही. दिवाळीच्या आसपास टोळ्या गाव सोडतात त्या थेट मार्च-एप्रिलमध्ये परततात. गावच्या एएनएमच्या, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकेच्या, नोंदवहीत अशा गरोदर बाईपुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो आणि कारखान्याजवळच्या उपकेंद्राच्या नोंदवहीत तिचे नाव अनेकदा चढतच नाही. गरोदरपणाचे शेवटचे तीन-चार महिने, म्हणजे पुन्हा तपासणी होण्याचा काळ, या दोन नोंदवह्यांच्या मध्ये हरवतो.

तपासणीत गर्भाशयाचे मुख सहा सेंटिमीटर उघडलेले, पाणमोट शाबूत आणि बाळाचे ठोके व्यवस्थित आढळले. पाळीवर ज्येष्ठ परिचारिका (यापुढे सिस्टर), नोकरीला जेमतेम आठ महिने झालेली कनिष्ठ परिचारिका आणि एक मावशी अशा तिघी होत्या. वैद्यकीय अधिकारी आवारातल्या निवासस्थानी होते.

चाचणी आणि संमती

सिस्टरांनी पहिली गोष्ट केली ती सासूला केसपेपर काढण्यासाठी बाहेर पाठवण्याची. ही कृती कोणत्याही नियमावलीत लिहिलेली नाही, पण पुढचे सगळे तिच्यावर उभे राहिले. दोन कळांच्या मधल्या उसंतीत त्यांनी रुग्णेला सांगितले, “बाळासाठी काही तपासण्या करायच्या आहेत, त्यात एचआयव्हीची आणि गरमीचीही आहे. इथं येणाऱ्या प्रत्येक बाईची करतो. नको असेल तर नाही म्हण, त्यावरून तुझं बाळंतपण अडणार नाही.” तिने मान डोलावली.

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम २०१७ चा असून तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार चाचणीपूर्वी माहिती देऊन संमती घेणे बंधनकारक आहे. कळा देणाऱ्या बाईची मान डोलावणे ही कितपत खरी संमती, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे पूर्ण समाधानकारक उत्तर आहे असे मला वाटत नाही. परंतु ‘नाही म्हटलेस तरी अडणार नाही’ हे वाक्य उच्चारले गेले की नाही, यावर बराच फरक पडतो. आपल्या प्रसूतिगृहांत अनेकदा ‘रक्त तपासायचंय, बोट दे’ एवढ्यावर काम उरकले जाते. मग निदान निघाल्यावर त्या बाईला आपल्याशी कपट झाल्यासारखे वाटते आणि पुढच्या सल्ल्यावर तिचा विश्वास बसत नाही.

बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरची जलद चाचणी एचआयव्हीसाठी रिअ‍ॅक्टिव्ह आली, म्हणजे संसर्ग असावा असे दिसले; सिफिलिसची, म्हणजे गरमीची, निर्दोष आली. ही प्राथमिक चाचणी आहे. निदान पक्के करण्यासाठी आयसीटीसीत वेगवेगळ्या तत्त्वांवरच्या तीन जलद चाचण्या कराव्या लागतात आणि त्या सकाळीच होणार होत्या. मात्र औषध सकाळपर्यंत थांबू शकत नव्हते. काहीही उपाय केले नाहीत तर गर्भारपण, प्रसूती आणि स्तनपान या तिन्ही टप्प्यांत मिळून आईकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, आणि योग्य उपचारांनी ती स्तनपान करणाऱ्या मातांमध्येही ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. त्यातला प्रसूतीचा टप्पा मोजक्या तासांचा असला तरी जोखमीचा फार मोठा वाटा त्यात दडलेला असतो.

कळांच्या ऐन भरात हे तिला सांगावे की न सांगता गोळी द्यावी, यावर कनिष्ठ परिचारिकेचे मत न सांगण्याच्या बाजूचे होते, आणि त्यामागे दयाच होती. सिस्टरांनी ते मानले नाही. त्या एवढेच बोलल्या, की एका तपासणीत दोष दिसतो आहे, पक्के उद्या कळेल, पण बाळाला जपणारे औषध आत्ताच घ्यायला हवे. रुग्णेने एकच प्रश्न विचारला, “मालकास्नी सांगताल का?” सिस्टर म्हणाल्या, “तू सांगितल्याशिवाय कुणालाच नाही.”

वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन गेला, ते येऊन तपासून गेले आणि त्यांच्या आदेशानुसार रात्री सव्वा वाजता टीएलडीची, म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर एकत्र असलेली, पहिली गोळी दिली गेली. रुग्णा आल्यापासून पाऊण तास झाला होता. गोळ्यांचा राखीव साठा प्रसूतिगृहातल्याच खणात होता आणि किल्ली पाळीवरच्या परिचारिकेच्या कमरेला. काही ठिकाणी हा साठा औषधनिर्मात्याच्या कपाटात ठेवतात आणि ते कपाट सकाळी उघडते. तिथे याच रुग्णेला गोळी मिळाली असती ती बाळ जन्मल्यावर.

सिस्टरांच्या या सवयीला इतिहास आहे. त्या नोकरीला लागल्या तेव्हा प्रसूतीच्या वेळी आईला नेव्हिरापिनची एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला एक मात्रा एवढाच उपाय हाती होता. १९९९ साली जाहीर झालेल्या युगांडातील चाचणीत या साध्या उपायाने, तुलनेसाठी वापरलेल्या झिडोव्ह्युडिनच्या अल्पकालीन उपचारापेक्षा, संसर्ग जवळजवळ निम्म्याने कमी झाल्याचे दिसले होते, आणि भारतातही काही वर्षांतच तो सुरू झाला. एकाच मात्रेने विषाणूत औषधप्रतिकार निर्माण होतो हे लक्षात आल्यावर तो मागे पडला, आणि २०१४ पासून प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीला आयुष्यभराचे उपचार देण्याचे धोरण देशभर राबवले जाऊ लागले. औषधे बदलली, तरी ‘कळा सुरू असतानाच पोटात गेले पाहिजे’ हा एका गोळीच्या काळातला धाक त्या पिढीच्या परिचारिकांच्या अंगात अजून मुरलेला दिसतो.

प्रसूती

कनिष्ठ परिचारिकेने फाइलवर लाल शाईने मोठे अक्षर लिहायला घेतले होते आणि स्वतःसाठी हातमोज्यांचे दोन जोड काढले होते. सिस्टरांनी फाइल तिच्या हातातून घेतली. सर्वसाधारण दक्षतेचे तत्त्व असे सांगते की प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गजन्य असू शकते असे धरूनच काम करायचे असते. म्हणजे ज्या बाईची चाचणी झालेली नाही, जी नुकतीच बाधित होऊन अजून चाचणीत दिसत नाही, तिच्यासाठीही तेवढीच काळजी घ्यायची. लाल अक्षर पाहून जी परिचारिका जास्त सावध होते, ती इतर वेळी कमी सावध असते, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय ते अक्षर वॉर्डातल्या प्रत्येकाला, रुग्णेच्या सासूलाही, वाचता येते.

प्रसूतीत पाणमोट मुद्दाम फोडली नाही, कारण ती जितका वेळ शाबूत तितका बाळाचा आईच्या स्रावांशी संपर्क कमी. आतल्या तपासण्या मोजक्या केल्या आणि गरज नसताना छेद घेतला नाही. तीन वाजून चाळीस मिनिटांनी मुलगी जन्मली. तिला लगेच रडू आले, त्यामुळे नळीने नाक-तोंड साफ करण्याची वेळच आली नाही, आणि ते बरेच झाले. उगाच केलेल्या अशा सफाईने नाजूक त्वचेला ओरखडे पडतात.

नाळ कापताना ती गॉजच्या घडीखाली धरून कापायची असते, म्हणजे रक्त उडत नाही. कनिष्ठ परिचारिकेने घाईत घडी न धरता कात्री चालवली, आणि रक्ताचे दोन-तीन थेंब तिच्या उजव्या डोळ्यात गेले. हातमोज्यांचे दोन जोड घालायला निघालेल्या तिने डोळ्यांवर चष्मा मात्र चढवला नव्हता. तो कपाटात, खोक्यात, वरच्या फळीवर होता.

सिस्टरांनी तिला ताबडतोब बेसिनपाशी पाठवले आणि डोळा वाहत्या पाण्याने, न चोळता, बराच वेळ धुवायला लावला. डोळ्यासारख्या ओलसर त्वचेवर बाधित रक्त पडल्यास संसर्गाची शक्यता सुमारे ०.०९ टक्के, म्हणजे हजारात एकापेक्षाही किंचित कमी असते. सुई टोचल्यास ती सुमारे ०.३ टक्के असते. आकडे लहान आहेत, पण रुग्णेवर उपचार नुकतेच सुरू झालेले असल्याने तिच्या रक्तातले विषाणू भरपूर असणार हे गृहीत धरणे भाग होते. प्रतिबंधक औषध, ज्याला पीईपी म्हणतात, शक्यतो दोन तासांच्या आत सुरू करायचे असते आणि ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. कनिष्ठ परिचारिका म्हणत होती, “राहू द्या सिस्टर, एवढंसं तर गेलंय. उगाच नोंद झाली तर सगळ्यांना कळेल.” ही भीती ज्या मुलीला वाटली तिनेच तासाभरापूर्वी दुसऱ्या बाईच्या फाइलवर लाल अक्षर लिहायला घेतले होते, सिस्टरांनी हे तिला बोलून दाखवले नाही, आणि बोलायची गरजही नव्हती. अपघाती संपर्काच्या नोंदवहीत नोंद झाली, वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आदेश दिला, तिच्या रक्ताचे नमुने एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी व सी या काविळींसाठी घेतले गेले आणि पहाटे साडेचारला तिनेही टीएलडीची पहिली गोळी घेतली. २८ दिवसांचा तो क्रम तिने पुरा केला. सुरुवातीचे आठ दिवस मळमळ होती. पुढच्या सहा महिन्यांतल्या तिच्या सगळ्या चाचण्या निर्दोष आल्या.

बाळाची औषधे आणि घुटीचा प्रश्न

बाळाचे वजन २,६०० ग्रॅम भरले. आईचे निदान प्रसूतीच्या वेळीच झालेले असल्याने बाळ अधिक जोखमीच्या गटात मोडत होते. अशा बाळाला एकाऐवजी दोन औषधे द्यायची असतात, नेव्हिरापिनचे सिरप दिवसातून एकदा आणि झिडोव्ह्युडिनचे सिरप दिवसातून दोनदा. या वजनाला दोन्हींची मात्रा प्रत्येक वेळी १५ मिलिग्रॅम, म्हणजे दीड मिलिलिटर. बाळ अंगावर पीत असेल तर हा क्रम १२ आठवडे चालतो, वरच्या दुधावर असेल तर सहा. पहिली मात्रा जन्मानंतर तासाभरात दिली गेली.

वरचे दूध की अंगावरचे, हा निर्णय आईचा असतो, पण तो तिला तिच्या परिस्थितीच्या उजेडात घेता यावा हे परिचारिकेचे काम. पुस्तकात वरचे दूध हा विषाणूपासून मुक्त पर्याय आहे. कोपीत मात्र पाणी कालव्याचे किंवा टँकरचे, चूल तीन दगडांची, बाटली उकळायला सरपण नाही आणि डब्याच्या दुधाला पैसा नाही. तिथे वरच्या दुधावरचे बाळ जुलाबाने दगावण्याचा धोका एचआयव्हीच्या धोक्याहून कमी नाही. आईने अंगावर पाजायचे ठरवले.

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, हा नियम इथे नेहमीपेक्षा अधिक कडक असतो. आईच्या दुधासोबत इतर काही दिल्याने बाळाच्या आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा होते आणि दुधातल्या विषाणूला वाट मिळते. नुसत्या अंगावरच्या दुधापेक्षा असे मिश्र पोषण अधिक घातक ठरते. आणि आपल्याकडे मिश्र पोषण म्हणजे बाटली नव्हे. आपल्याकडे ते म्हणजे मध चाटवणे, गुळाचे पाणी, आणि सर्वांत आधी घुटी. सहाणेवर उगाळलेले वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, खारीक, बदाम; कोणती आजी ते नातीला दिल्याशिवाय राहील? या सासूनेही सहाण बोचक्यात बांधून बीडहून आणली होती.

सासूला कारण न सांगता घुटी थांबवायची कशी, हा त्या रात्रीचा सर्वांत अवघड भाग होता असे सिस्टरांचे म्हणणे. त्यांनी काढलेला मार्ग साधा होता. पहाटे वॉर्डातल्या चारही बाळंतिणींच्या सासवा-आयांना त्यांनी एकत्र बसवले आणि सगळ्यांना एकच सांगितले : सहा महिने आईचे दूध, पाण्याचा थेंबही नाही, घुटी नाही, मध नाही, घुटीने पोट बिघडून आलेली बाळं आम्ही इथेच पाहतो. यातला शब्दन्‌शब्द प्रत्येक बाळाला लागू होता, म्हणून कोणाच्या बाळाकडे बोट दाखवावे लागले नाही. सिरपांच्या बाटल्यांबद्दल सासूने विचारले तेव्हा ‘जन्मल्यावर द्यायचं औषध आहे, बारा आठवडे चुकवायचं नाही’ असे उत्तर दिले गेले. तेही खरे होते. ‘ताकदीचं औषध’ असे सांगण्याची जी पद्धत आहे ती मला पटत नाही, कारण ताकदीचे औषध बाळ गुटगुटीत दिसू लागले की घरचे बंद करतात.

सकाळची चूक

सकाळी आठला पाळी बदलली. वॉर्डात पाळीच्या हस्तांतरणाला ‘ओव्हर’ म्हणतात आणि तो खाटेपाशी उभे राहून देण्याची प्रथा आहे. थकलेल्या कनिष्ठ परिचारिकेने या खाटेपाशी नेहमीच्या आवाजात सांगितले, “तीन चाळीसची डिलिव्हरी, फिमेल, दोन सहाशे, रिअ‍ॅक्टिव्ह.” तो शब्द मावशीला कळत होता. अर्ध्या तासात ‘त्या कोपऱ्यातल्या खाटेवरची’ असे बोलणे रुग्णेच्या कानावर आले, मावशीने तिच्या खाटेवरची चादर उचलायचे टाळले, आणि दहा वाजता रुग्णेने पिशवी भरून घरी जायचा हट्ट धरला.

ती त्या क्षणी निघून गेली असती तर रात्रीचे सगळे वाया गेले असते. तीन चाचण्यांचे निदान बाकी होते, बाळाच्या सिरपांचा साठा तिच्या हाती पडला नव्हता, मात्रा सिरिंजने मोजून द्यायला ती शिकली नव्हती, आणि जिथे आपले नाव फुटले त्या दवाखान्यात सहा आठवड्यांनी ती पुन्हा येण्याची शक्यता शून्य होती. या आजारात गुप्तता हा सौजन्याचा किंवा नुसत्या कायद्याचा मुद्दा राहत नाही. विषाणू अडवणारे औषध महिनोन्‌महिने घ्यायचे असते, त्यासाठी दवाखान्यात पुन:पुन्हा यावे लागते आणि जिथे लाज निघाली तिथे माणूस पुन्हा येत नाही. म्हणून ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ हा एक शब्द मोठ्याने उच्चारणे ही माझ्या मते उघड्यावर टाकलेल्या सुईइतकीच संसर्ग पसरवणारी चूक आहे.

सिस्टर पाळी संपूनही थांबल्या होत्या. त्यांनी रुग्णेला प्रसूतिगृहालगतच्या खोलीत नेले आणि आधी कबूल केले की चूक आमची झाली. मग पाऊण तास त्या तिच्याजवळ बसल्या. त्यातला बराच वेळ कोणी काही बोलले नाही. रुग्णेला मरणाची भीती नव्हती, तिला भीती होती ती टोळीत कळल्यावर मुकादम उचल परत मागेल याची आणि सासू थोरल्या मुलाला तिच्यापासून तोडेल याची. रोज एक गोळी घेतली तर काम करता येते, आयुष्य इतरांसारखे जगता येते आणि रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला की लैंगिक संबंधातून तो पसरत नाही, हे तिने प्रथमच ऐकले. दुपारी ती आयसीटीसीत गेली. तिन्ही चाचण्या रिअ‍ॅक्टिव्ह आल्या.

मावशीवर ओरडून काही साधले नसते. तिच्याशी बोलल्यावर कळले की बाळंतिणीचे कपडे धुवायला तिला दिलेले जाड हातमोजे दोन महिन्यांपूर्वी फाटले होते आणि ते बदलून मिळाले नव्हते. तिची भीती अज्ञानाची होती तशी उघड्या हातांचीही होती. त्याच दिवशी नवे मोजे निघाले, रक्ताळलेले कपडे आधी एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात भिजवायचे हे तिला पुन्हा दाखवले, आणि दवाखान्यात कळलेली गोष्ट बाहेर बोलायला २०१७ च्या कायद्याने तिलाही मनाई आहे हेही सांगितले. ओव्हरची पद्धत बदलली : खाटेपाशी प्रकृती आणि चालू औषधे सांगायची, निदान टेबलापाशी फाइल उघडून बोटाने दाखवायचे.

कार्ड

नवरा संध्याकाळी आला, तेव्हा त्याने कार्ड आणले होते. त्यावर चौथ्या महिन्यात गावाकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात केलेली एचआयव्हीची चाचणी स्पष्ट अक्षरांत नोंदलेली होती : नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह.

याचा अर्थ दोहोंपैकी एक. ती चाचणी झाली तेव्हा संसर्ग इतका ताजा होता की प्रतिपिंडे तयार झाली नव्हती, किंवा संसर्ग गरोदरपणातच पुढे कधीतरी झाला होता. दोन्ही शक्यतांत संसर्ग नवा ठरतो, आणि नव्या संसर्गात रक्तातले विषाणू फार असल्याने बाळाला असलेला धोकाही वाढतो. कार्ड रात्री सोबत असते तर ‘तपासणी झालेली आहे’ असे म्हणून पुन्हा चाचणी केली गेली नसती, असे कनिष्ठ परिचारिकेने प्रामाणिकपणे सांगितले. सिस्टर मात्र म्हणाल्या की केली असती, कारण स्थलांतरित बाईच्या चाचणीची तारीख पाहायची असते, निकाल नव्हे. मला त्यांच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. पण बहुतेक प्रसूतिगृहांत कनिष्ठ परिचारिकेने सांगितले तेच घडले असते. कार्ड कोपीत विसरले, म्हणून निदान झाले.

नवऱ्याला सांगण्याचा अधिकार परिचारिकेला नव्हता. ठरावीक परिस्थितीत जोडीदाराला कळवण्याची मुभा कायदा डॉक्टरला किंवा समुपदेशकाला देतो, आणि तीही आधी रुग्णाला समुपदेशन करून. इथे तशी वेळ आली नाही. आठव्या दिवशी समुपदेशकाच्या खोलीत तिने स्वतःच सांगितले. नवरा तेव्हा उठून गेला, पण दोन आठवड्यांनी एकटा चाचणीला आला आणि बाधित निघाला. थोरला मुलगा निर्दोष होता. कोणी कोणाला दिला, हा प्रश्न समुपदेशकाने जाणीवपूर्वक उघडला नाही. दोघांचे उपचार आणि निरोध यांवरच बोलणे ठेवले.

टोळी परतताना

डिस्चार्जच्या वेळी सिस्टरांनी एक बारीक गोष्ट सांगितली, जी घाईत राहून जाते. बाळंतिणीला सरकारी दवाखान्यातून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही मिळतात, आणि त्या डोल्युटेग्राविरसोबत रिकाम्या पोटी घेतल्या तर हे औषध पुरेसे शोषलेच जात नाही. म्हणून लोह-कॅल्शियम सकाळी-दुपारी आणि टीएलडी रात्री झोपताना, असे वेळेचे गणित तिला बोटांवर मोजून दिले.

सहा आठवड्यांनी, म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीस, बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्त कागदावर वाळवून संदर्भ प्रयोगशाळेत पाठवले. जन्मजात मिळालेली आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकत असल्याने या वयात नेहमीची जलद चाचणी उपयोगाची नसते, विषाणूचे जनुकीय द्रव्यच शोधावे लागते. त्याच दिवसापासून बाळाला इतर संसर्गांपासून जपणारे कोट्रायमॉक्सॅझोल हे औषध सुरू झाले. अहवाल निर्दोष आला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बारा आठवड्यांचा क्रम संपला आणि त्याच सुमारास टोळी परतली. परतण्यापूर्वी दोघांच्या उपचारांची नोंद बीड जिल्ह्यातल्या एआरटी केंद्राकडे, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणाऱ्या केंद्राकडे, वर्ग केली गेली, आणि सोबत दोन महिन्यांच्या गोळ्या दिल्या, कारण कागद आधी पोहोचतो की माणूस, याचा भरवसा नसतो. समुपदेशकाने तिकडच्या समुपदेशकाला फोन केला. तिचा स्वतःचा फोन नव्हता, म्हणून गावच्या आशाताईमार्फत नव्हे तर तिच्या माहेरच्या बहिणीच्या क्रमांकावर निरोप द्यायचे ठरले. आशाताई तिच्या जावेची मैत्रीण होती.

सहाव्या महिन्याची चाचणी गावाकडे झाली. नोव्हेंबरमध्ये जोडी त्याच कारखान्यावर आली, आणि गोवर-रुबेलाच्या लसीच्या दिवशी ती मुलीला घेऊन, न मागता कार्ड पुढे करत, सिस्टरांसमोर उभी राहिली. बाराव्या महिन्याची चाचणी जानेवारीत इथे, अठराव्या महिन्याची जुलैत तिकडे, असे त्या दोघींनी तेव्हाच कार्डाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवले. वर्ष उलटल्यावर अंगावरचे तोडले. जुलैत प्रतिपिंडांची अंतिम चाचणी झाली तेव्हा तिकडच्या समुपदेशकाने फोनवर नाव न घेता नोंदणी क्रमांक सांगितला, पुढे ‘निगेटिव्ह’ म्हटले, आणि इकडे रजिस्टरातल्या त्या ओळीचा शेवटचा रकाना भरला गेला.